घोडी विकण्याआधी

लातूरजवळच्या शेतातल्या आखाड्यावरून,
कोजागरीनंतरचा रविवार

लेकरा,

तुझा निरोप दोनदा वाचला. गुणपत्रिकेचा फोटोही मोठा करून बघितला. ड्रेसाजला, म्हणजे मैदानातल्या चालींच्या फेरीत, चाळिसाच्या आत दंडगुण, पहिल्याच इव्हेंटिंग स्पर्धेत हे काही थोडं नाही. मग क्रॉसकंट्रीत, म्हणजे रानातल्या उड्यांच्या फेरीत, पाण्याचा अडथळा. घोडीचा पहिला नकार 20 दंडगुण, दुसरा 40, तिसऱ्याला बाहेर. आणि त्याखाली तुझं वाक्य, ‘मामा, मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत घोडी विकते आणि शर्यतीतून निघालेला थरोब्रेड घेते.’

विकायचीच असेल तर तुला कोण अडवणार? पण आधी घोडं अडलं कुठं ते बघ.

ती घोडी तुझ्या वडिलांनी पंचकल्याणी म्हणून घेतली. त्याआधी ती वरातीत नाचायची. अजूनही माइकवर नाव पुकारलं की जागच्या जागी थिरकते. (पंचांना वाटलं असेल, परभणीच्या पोरीनं पियाफ, जागच्या जागची दुडकी, शिकवून आणलाय.) या घोडीनं आयुष्यात पाणी बघितलं ते हौदात आणि बादलीत, तेही प्यायला. त्यात पाय घालायचा असतो हे तिला कोणी कधी सांगितलंच नाही. तळ कळत नाही, पलीकडं काय ते माहीत नाही, आणि वर बसलेली पोर घाबरून टाचा मारतेय. मी घोडी असतो तर मीही थांबलो असतो. त्या दिवशी ती खोटं वागली नाही.

आता थरोब्रेडचं. 2009 साली मी तेच केलं होतं. पुण्याच्या मोसमातून बाहेर पडलेला पाच वर्षांचा घोडा आणला. आखाड्यावर उतरवला तेव्हा बघायला अर्धं गाव गोळा झालं. त्याला दोनच गोष्टी येत होत्या, उभं राहणं आणि सुटणं. लगाम धरला की त्याला वाटायचं, अजून जोरात जायचंय. अशा घोड्याला काही महिने नुसतं मोकळं चरायला सोडावं लागतं. अंगातली शर्यत उतरू द्यावी लागते, मग कदमापासून सगळं नव्यानं. मी पंधराव्या दिवशी खोगीर टाकलं.

माघात हरभरा निघाला, रान मोकळं झालं. वरून सपाट दिसत होतं म्हणून भरधाव सोडला. परतल्यावर पाय धुताना पुढच्या डाव्या पायाची मागची शीर हाताला कोमट लागली. दहाला दुकान उघडायचं होतं, बियाण्याची गाडी यायची होती. म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी पुन्हा पळवला. तिसऱ्या दिवशी शीर कमानीसारखी बाहेर आली. मग अकरा महिने उपचार, पट्ट्या, हातात दोरी धरून चालवणं. घोडा वाचला, पण त्यानं पुन्हा उडी मारली नाही. हाताला कळलं होतं, लेकरा. मीच मानलं नाही.

म्हणून विचारतो, थरोब्रेड आणशील तो पळवशील कुठं? आपली काळी जमीन कापसाची, सोयाबीनची. पावसाळ्यात चिखल खुराची नाल ओढून काढतो, उन्हाळ्यात भेगेत खूर अडकतो. मधले जे चार बरे महिने, त्यात पीक उभं. घोड्याच्या आधी मुरूम घ्यावा लागतो इथं! पहिल्या वर्षी मी तो थेट मातीवर पसरला आणि एका पावसाळ्यात काळ्या रानानं सगळा गिळला. नंतर शहाणा झालो. खाली दगडाचं सोलिंग, वर मुरूम, सगळ्यात वर वाळू, आणि चहूबाजूंनी पाणी निघायला चर. 20 बाय 60 मीटर एवढी जागा झाली, फक्कीनं रेषा मारल्या की ड्रेसाजचं मैदान तयार. दुडकी, चौक चाल, वर्तुळं, थांबणं, सगळं तिथं होतं. पळवायला मात्र मी आजही मुरमाड माळ गाठतो, आणि आदल्या दिवशी तो पायी चालून बघतो. चढउतारासाठी बांध आहेतच. क्रॉसकंट्रीत बँक म्हणतात ते म्हणजे आपला बांधच. फक्त तो आपलाच असावा, शेजाऱ्याच्या बांधावर घोडं गेलं की प्रकरण तहसीलपर्यंत जातं.

पाण्याचा सराव शेततळ्यात करायचा विचार मनात आला असेल तर आत्ताच काढून टाक. तळाला प्लॅस्टिक, कडा उतरत्या. एकदा घसरलेलं जनावर तिथून वर येत नाही, आणि त्याला धरायला गेलेलं माणूसही नाही.

तू इव्हेंटिंगवाल्या फौआद मिर्झाचं लिहिलंस. 2018 च्या जकार्ता एशियाडला त्यानं वैयक्तिक रौप्य आणलं तेव्हा मीही दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाइकांना कळेना कशाचे. त्याआधीचं वैयक्तिक पदक थेट 1982 च्या दिल्ली एशियाडचं होतं, रघुबीर सिंग यांचं सुवर्ण, आणि ते 61 कॅव्हलरीचे, म्हणजे लष्कराच्या घोडदळाचे. आपल्या जुन्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत, बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. अंबाजोगाई मोमिनाबाद होती तेव्हा तिथंही घोडदळाची छावणी होती. लष्करातला स्वार आजही बारगीर. मागं पागा, नालबंद, पशुवैद्य, सगळा फौजफाटा. तू आणि मी शिलेदार. आपला घोडा लंगडला तर दुसरा कोणी खोगीर चढवून देत नाही. घोडा निवडताना हे आधी धर, उंची आणि रंग नंतर.

पाण्याचा आणखी एक हिशेब सांगतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा माझ्या दारात दोन घोडे होते. एक घोडा दिवसाला तीसेक लिटर पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. शेजारच्या बाया घागरी घेऊन टँकरच्या रांगेत, आणि मी बादलीनं घोड्याला पाजतोय. कोणी बोललं नाही, पण मलाच बघवेना. दोन्ही घोडे कोल्हापूरकडच्या मित्राकडं पाठवले, पाऊस पडेपर्यंत. तुझ्याकडं तशी जागा आहे का, हे घोडा घेण्याआधीच ठरवून ठेव.

बाकीचं थोडक्यात. रोज सकाळी खोगिराआधी चारी पायांवरून हात फिरव. रोज फिरवला तरच वेगळं काही झालेलं कळतं. जबड्याखालची नाडी मोजायला शिक. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला तीस ते चाळीस असते. यात्रेतले जाणते सांगतील, दोन लिटर दूध पाज, गावरान तूप घाल, गूळ दे. हसून हो म्हण आणि घोडीला वाळलेलं गवत घाल. मारवेल, पवना मिळालं तर उत्तमच. कोवळी हिरवी ज्वारी मात्र कधीच नको. घोड्याला ओकता येत नाही. पोटात काही बिनसलं तर ते पोटशुळाच्या रूपानंच बाहेर येतं, आणि बहुतेक वेळा रात्री दोनला. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय तुझ्या दाराशी आहे. ओळख आजच करून ठेव, दोन वाजता नाही. आणि पळवून आणलेल्या तापल्या घोडीवर गार पाणी ओतलं की लकवा मारतो, हेही ऐकशील. खुशाल ओत, सगळ्या अंगावर, पुन्हा पुन्हा. अटलांटाच्या 1996 च्या ऑलिंपिकआधी उन्हाची भीती होती म्हणून यावर नीट अभ्यास झाला होता.

तुझी नोकरी नऊ ते सहा. म्हणजे उठणं पहाटे साडेचारला, आणि त्यातही आठवड्यातले दोन दिवस नुसतं खरारा, शेण आणि चालवणं. हे तू दोन वर्षं या घोडीवर केलंयस, मी बघितलंय. म्हणून तर एवढं लिहितोय.

आता असं कर. नवीन नाल मारून आठवडा झाला की घोडीला पिकअपमध्ये घालून इकडं आण. तळाला काथ्याची चटई टाक, नाहीतर वळणावर घसरेल. आखाड्यामागचा ओढा अजून वाहतोय, उताराला पाणी गुडघ्याच्या खाली, तळ मुरमाचा. माझा तो शर्यतीवाला अजून आहे. बाविशीचा झालाय, तोंड पांढरं पडलंय, पण पाण्यात असा जातो की जसं त्याच्या आजोळचं घर. त्याला पुढं घालू, तुझी घोडी मागं. पहिल्या दिवशी तू वर बसायचं नाहीस. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दोरी धरून चालायचं.

तुझा मामा