मत कोणाचे, बोट कोणाचे?

प्रश्न : माझे वडील दृष्टिहीन आहेत. विधानसभेच्या मतदानात केंद्रावरील एका कर्मचाऱ्याने त्यांना न विचारताच बटण दाबले. हे नियमात बसते का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नाही, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांनुसार दृष्टिहीन मतदाराला १८ वर्षे पूर्ण झालेला सोबती मतदान कक्षात नेता येतो. मात्र त्या सोबत्याला मत गुप्त ठेवण्याचे घोषणापत्र द्यावे लागते आणि त्याच दिवशी दुसऱ्या मतदाराचा सोबती होता येत नाही. अर्थात, मतदानयंत्रावर ब्रेल अंक असतात, त्यामुळे वडिलांना ब्रेल येत असेल तर सोबत्याचीही गरज भासू नये. घरूनच मतदान करायचे असल्यास, किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदाराने अधिसूचनेनंतर पाच दिवसांच्या आत नमुना १२-डी भरून द्यावा.