वाचकांचे प्रश्न : सुदान, 2023

प्रश्न : एकाच राजवटीतले दोन सेनापती एकमेकांवर का उठले? (एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : 2021 चं बंड सैन्यप्रमुख बुरहान आणि हेमेदती यांनी मिळूनच केलं होतं. बिनसलं ते हेमेदतींची निमलष्करी फौज आरएसएफ सैन्यात कधी विलीन करायची यावर. सैन्य म्हणे दोन वर्षांत, हेमेदती म्हणत दहा. फौज गेली की त्यांचा दबदबाच संपणार होता. 15 एप्रिलला राजधानी खार्टुममध्ये लढाई पेटली. आरएसएफनं लोकांना हुसकावून घरांतच ठाणी मांडली, सैन्यानं वरून बाँब टाकले. भरडली गेली ती साधी माणसं, हे विसरता कामा नये. सौदीतल्या जेद्दात ठरलेल्या युद्धबंद्या टिकल्या नाहीत, कारण प्रत्यक्ष जागेवर देखरेख करणारं कोणी नव्हतं. डिसेंबरात वद मदनी हे शहर आरएसएफच्या हाती पडलं. खार्टुममधून पळालेली हजारो कुटुंबं तिथंच आसऱ्याला होती. त्यांना पुन्हा बोचकी बांधावी लागली.