कोकणातील मुले घर सोडून मुंबईला का पळून जातात?
मुंबईचे आकर्षण हे कारण बहुधा वरवरचे असते. घरातील रोजची भांडणे, दारूच्या नशेत होणारी मारहाण आणि दहावीच्या निकालावरून चारचौघांत झालेला पाणउतारा यांमुळे मुलाला घर परके वाटू लागते; त्यातच वडील चाकरमानी असतील, तर केवळ गणपती-शिमग्याला भेटणाऱ्या माणसाशी मन मोकळे करण्याइतकी जवळीक उरत नाही. १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागलेल्या कोकण रेल्वेने रत्नागिरी वा कुडाळहून निघणे सोपे केले, इतकेच. (अशा मुलाला ‘वाया गेलेला’ ठरवण्याची गावकीची घाई मला अन्यायकारक वाटते.) १८ वर्षांखालील मूल स्थानकावर एकटे आढळल्यास १०९८ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे, २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते आणि निर्णयापूर्वी समिती घरच्या परिस्थितीची चौकशी करते.