पहिल्यांदा डेव्हलपर कॉन्फरन्सला जाताय? मग हे वाचा

कीनोटला, म्हणजे उद्घाटनाच्या मुख्य भाषणाला, पुढची खुर्ची मिळावी म्हणून पहाटेपासून रांगेत उभं राहायची हौस असेल तर राहा, पण मी म्हणेन झोप काढा, ते लाइव्ह दिसतं आणि रेकॉर्डिंगही राहतं. ॲपलच्या डब्ल्यूडब्ल्यूडीसीचंच (त्यांची दरवर्षीची डेव्हलपर कॉन्फरन्स) बघा ना, सकाळची कीनोट सगळ्या जगासाठी असते, आपल्या कामाचं बरंचसं त्यानंतरच्या प्लॅटफॉर्म्स स्टेट ऑफ द युनियन या डेव्हलपर्ससाठीच्या सत्रात कळतं (२०१४ ला स्विफ्ट ही ॲपलची प्रोग्रामिंग भाषा मात्र थेट कीनोटमध्येच आली, तेव्हा हॉलमध्ये असायला मजा आली असती). कॉन्फरन्सला जाण्याचा खरा फायदा तिथल्या इंजिनिअर लोकांना गाठण्यात. अडलेला बग छोट्या सॅम्पल प्रोजेक्टमध्ये वेगळा काढून न्या, अख्खं ॲप उघडून बसलात तर समोरच्याचा वेळ तुमचा कोड समजण्यातच जातो. आणि वायफायच्या भरवशावर राहू नका, डॉक्युमेंटेशन आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवा.