हातमोजा, विडा आणि शड्डू

प्रश्न : मुलगा इंग्रजी पेपरमधली क्रिकेटची बातमी वाचत होता, त्यात कॅप्टनने ‘थ्रू डाऊन द गॉन्टलेट’ असं होतं. डिक्शनरीत गॉन्टलेट म्हणजे हातमोजा, म्हणून त्याला वाटलं की विकेटकीपिंगचे ग्लोव्हज फेकले. खरा अर्थ काय? मराठीत ‘विडा उचलला’ म्हटलं तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुलाचा घोटाळा अगदी साहजिक आहे, कारण शब्द खरंच हातमोज्याचाच आहे, फक्त तो चिलखतातला लोखंडी मोजा. मूळ फ्रेंच, ‘गां’ म्हणजे मोजा आणि ‘गांतले’ म्हणजे छोटा मोजा. युरोपातला सरदार हा मोजा काढून समोरच्याच्या पायाशी टाकायचा, म्हणजे हिंमत असेल तर ये लढायला, आणि समोरच्याने तो उचलला की लढाई ठरली. इंग्लंडमध्ये तर ही रीत राज्याभिषेकाच्या मेजवानीतही होती. डायमोक घराण्यातला माणूस चिलखत घालून घोड्यावरून वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये यायचा आणि राजाचा हक्क कोणाला मान्य नसेल तर माझ्याशी लढा म्हणून तीनदा मोजा टाकायचा. शेवटचं हे 1821 मध्ये झालं, चौथ्या जॉर्जच्या वेळी, आणि तेव्हाचा घोडा सर्कशीतून आणला होता म्हणतात, गर्दीची सवय असलेला!

म्हणजे कॅप्टनने समोरच्या टीमला उघड आव्हान दिलं, एवढाच अर्थ. उघड हे महत्त्वाचं, चार लोकांसमोर आणि ठराविक कोणाला तरी दिलेलं.

आता विडा. इथे जरा थांबा, कारण बऱ्याच भाषांतरांत हीच गल्लत होते. विडा तबकात ठेवलेला असतो, ठेवणारा राजा, आणि जो उचलतो तो म्हणतो हे काम माझं. विजापूरच्या दरबारात अफजलखानाने शिवाजी महाराजांवर जायचा विडा उचलला हे आपण शाळेपासून ऐकतोय, पण महाराज काही तिथे समोर नव्हते. मोजा मात्र थेट प्रतिस्पर्ध्यापुढे पडतो. म्हणून तुमच्या वाक्याला विडा नको, ‘शड्डू ठोकला’ किंवा ‘दंड थोपटले’ म्हणा, आखाड्यातला पैलवान जे करतो ते अगदी तेच आहे. समोरच्या टीमने आव्हान घेतलं तर इंग्रजीत ‘टुक अप द गॉन्टलेट’, तिथेही मला साधं ‘आव्हान स्वीकारलं’ जास्त आवडतं.

आणि हो, ‘रन द गॉन्टलेट’ दिसलं तर त्यात मोजा शोधू नका. तो शब्द स्वीडिशमधल्या ‘गातलोप’वरून आलाय, गल्लीतून पळणं. शिपायाला शिक्षा म्हणून दोन रांगांच्या मधून पळवायचे आणि दोन्हीकडून फटके, इंग्रजांच्या तोंडी ते बदलत बदलत गॉन्टलेट झालं. त्यामुळे मंत्र्याने रिपोर्टर लोकांचं गॉन्टलेट ‘रन’ केलं असं आलं तर मराठीत सरळ लिहा, मंत्र्यांना प्रश्नांच्या सरबत्तीतून वाट काढावी लागली.