एमआरआय नॉर्मल, तरी फिट्स का?

प्रश्न : मुलाला दोन औषधं चालू असूनही फिट्स येतात. एमआरआयचा रिपोर्ट नॉर्मल आहे. पुन्हा तपासणी करून काय साधेल?

उत्तर : बरंच काही, पण ती वेगळ्या पद्धतीने झाली तर. नेहमीच्या एमआरआयमध्ये बहुधा ५ मिमी जाडीचे काप घेतात, दोन कापांमध्ये थोडी जागाही सुटते. मोठी गाठ त्यात दिसते. फोकल कॉर्टिकल डिस्प्लेशिया, म्हणजे मेंदूच्या बाह्य थराच्या घडणीतला दोष, सहज निसटतो. त्याच्या खुणा बारीक असतात : थर किंचित जाड, करड्या-पांढऱ्या भागांमधली सीमा पुसट, कधी तिथून आतल्या पोकळीकडे निमुळती होत गेलेली उजळ रेघ.

म्हणून एपिलेप्सी प्रोटोकॉलबद्दल, म्हणजे फिट्सचं कारण शोधण्यासाठी ठरवलेल्या खास एमआरआय पद्धतीबद्दल विचारा, शक्यतो ३ टेस्ला (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) यंत्रावर. त्यात टी-१ आणि फ्लेअर या दोन प्रकारची त्रिमितीय चित्रं, दोन्ही १ मिमीच्या कापांची, सलग. शिवाय हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूच्या दोन्ही बाजूंना असलेल्या, स्मृतीशी संबंधित भागाच्या) लांबीला काटकोनात घेतलेले टी-२ या आणखी एका प्रकारचे काप. हा कोन चुकला की दोन्ही बाजूंची तुलनाच फसते आणि आक्रसलेला हिप्पोकॅम्पस नजरेतून सुटू शकतो.

चिठ्ठीवर नुसतं ‘फिट्स’ लिहून भागत नाही. झटका शरीराच्या कोणत्या बाजूने सुरू होतो आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काय सांगतो, हे रेडिओलॉजिस्टला कळलं तर कुठे बारकाईने पाहायचं ते ठरतं. जुनी सीडीही न्या. कधी कधी त्याच चित्रांत दोष सापडतो.

तपासणी वयाच्या दोन वर्षांआधी झाली असेल, तर मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) पूर्ण तयार नसल्याने करड्या-पांढऱ्या भागांमधली सीमा नीट उमटत नाही. अशा वेळी साधारण अडीच वर्षांनंतर पुन्हा एमआरआय करावा.