वाचकांचे प्रश्न: प्रवासासाठी देखणा हेडफोन निवडताना

प्रश्न: मी नोकरीसाठी अमळनेरहून जळगावला आठवड्याचे सहा दिवस रेल्वेने ये-जा करते. जाण्यायेण्यात मिळून रोज सुमारे दोन तास जातात आणि तेवढा वेळ मी गाणी किंवा व्याख्याने ऐकते. कानात खुपसायचे इअरफोन मला दुखतात, म्हणून डोक्यावरून घालायचा हेडफोन घ्यायचे ठरवले आहे. तो पर्समध्ये मावावा आणि दिसायलाही चांगला असावा. बाहेरचा आवाज बंद करणारा मोठा हेडफोन घे, असा भावाचा आग्रह आहे. दुकानदार म्हणतात की लहान आणि हलका घ्या. मी चष्मा वापरते आणि माझ्या कानात बहुधा झुमके असतात. काय निवडावे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर: तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी माहिती चष्मा आणि झुमक्यांच्या उल्लेखात आहे. जाहिरातीत डौलदार दिसणारा हेडफोन तुमच्या कानावर तासभर कसा राहील, हे त्या चित्रावरून कळत नाही. म्हणून रंगरूपाकडे वळण्यापूर्वी आकाराचा निर्णय करून टाकू.

डोक्यावरून पट्टी जाणाऱ्या हेडफोनचे मुख्य प्रकार दोन. पहिल्याची गादी संपूर्ण कानाला वेढा घालून बसते आणि दुसऱ्याची थेट कानावर टेकते. वेढा घालणारा हेडफोन साधारणपणे अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतो, आवाज भरदार देतो आणि कानावर दाब आणत नाही. मात्र तो पर्सची निम्मी जागा अडवतो, त्याच्या मोठ्या वाटीची कड झुमक्यावर येते आणि एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा त्याच्या आत कान अक्षरशः घामाने निथळतात. कानावर टेकणारा हेडफोन दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो, बहुधा घडी होतो आणि त्याची लहान वाटी कानाची पाळी मोकळी सोडते, त्यामुळे लोंबते दागिने सुटे राहतात. त्याचा दोष एकच, पण तुमच्यासाठी तो मोठा आहे: कान आणि डोके यांच्यामध्ये चष्म्याची काडी सापडते आणि अर्ध्या तासानंतर ती रुतू लागते.

तरीही माझे मत दुकानदारांच्या बाजूने आहे. घडी होणारा, मागून बंद असलेला (म्हणजे ज्याच्या वाटीच्या बाहेरच्या बाजूला जाळी किंवा छिद्रे नाहीत असा), मऊ आणि जाड गादीचा, कानावर टेकणारा हेडफोन तुम्ही घ्यावा; अट एवढीच की चष्मा आणि झुमके घालूनच तो दुकानात किमान पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवावा. चष्म्याची काडी पातळ धातूची असेल तर बहुधा अडचण येत नाही. जाड प्लास्टिकची असेल तर पट्टीची पकड सैल असलेला नमुना शोधावा. पंधरा मिनिटांत रुतले तर तासाभरात दुखणारच, आणि मग तो हेडफोन कितीही देखणा असला तरी महिन्याभरात कपाटात जातो.

तुमच्या भावाच्या आग्रहात तथ्य आहे, पण ते अर्धेच. आवाज रद्द करणारी यंत्रणा बाहेरचा आवाज छोट्या मायक्रोफोनने टिपते आणि त्याच्या नेमक्या उलट लहर कानाजवळ निर्माण करून मूळ आवाज बराचसा पुसून टाकते. सलग, खालच्या पट्टीचा, फारसा न बदलणारा आवाज तिला चांगला पुसता येतो. विमानाच्या इंजिनाची घरघर हे त्याचे ठळक उदाहरण, आणि ही कल्पना बोस या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना 1978 मध्ये विमानप्रवासातच सुचली होती. बंद खिडक्यांच्या वातानुकूलित डब्यात चाकांची घरघर ती तशीच कमी करते. धरणगाव, पाळधी करत जाणाऱ्या साध्या गाडीत मात्र खिडक्या उघड्या असतात, फेरीवाल्यांच्या आरोळ्या असतात, शेजारच्या बाकावर गप्पा रंगलेल्या असतात. माणसांचे बोलणे आणि अचानक येणारे आवाज ही यंत्रणा फारसे रोखू शकत नाही, आणि खिडकीतला वारा थेट मायक्रोफोनवर आदळला तर उलट घूं असा नवाच आवाज ऐकू येतो. त्यातच कानावर टेकणाऱ्या लहान गादीभोवती फटी राहतात, म्हणून या प्रकारात यंत्रणा असली तरी तिचा परिणाम वेढा घालणाऱ्या हेडफोनइतका होत नाही. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या गादीवर आणि मजबूत बिजागरीवर घालावेत.

गोंगाट रोखला जात नाही म्हणून आवाज वाढवत नेण्याचा मोह होतो, आणि इथे मला थोडे थांबून सांगावेसे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने 80 डेसिबलचा (डेसिबल हे आवाजाची तीव्रता मोजण्याचे एकक) आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. आवाज 3 डेसिबलने वाढला की ही मर्यादा निम्मी होते: 83 ला 20 तास, 86 ला 10 तास. तुमचे आठवड्याचे ऐकणे बारा तासांचे आहे. याचा अर्थ 85 डेसिबलच्या जवळ पोहोचलात की तुमची मर्यादा जवळजवळ संपली. मागून बंद असलेल्या हेडफोनचा आग्रह मी याच कारणाने धरतो, कारण तो गोंगाट थोडा तरी अडवतो आणि तुम्हाला आवाज खाली ठेवता येतो. शेजारच्या प्रवाशाला तुमचे गाणे ऐकू न जाणे हा त्याचा दुसरा फायदा. अनेक फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाला वरची मर्यादा घालण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशी वापरावी.

आता देखणेपणाविषयी. ही इच्छा तुम्ही जरा संकोचाने लिहिली आहे असे वाटले. संकोचाचे कारण नाही. 1979 मध्ये सोनीचा वॉकमन हा सोबत नेता येणारा छोटा कॅसेट प्लेअर स्पंजच्या गाद्यांच्या हलक्या हेडफोनसह बाजारात आला, आणि त्यानंतर हेडफोन घराबाहेर, रस्त्यावर, चारचौघांत दिसणारी वस्तू झाला. म्हणजे तो पोशाखाचाच भाग झाला. मनगटावरचे घड्याळ आपण जसे निवडतो तसाच तो निवडण्यात काही गैर नाही. मात्र देखणेपण टिकणारे असावे. पांढऱ्या आणि फिक्या रंगाच्या गाद्या केसांच्या तेलाने व घामाने लवकर पिवळट होतात, चकचकीत काळ्या प्लास्टिकवर धूळ आणि बोटांचे ठसे लगेच उठून दिसतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत हे दोन्ही रंग रोज पुसावे लागतील. गडद निळा, तपकिरी किंवा मातकट हिरवा रंग, तोही चमक नसलेला, साडीवर आणि कुर्त्यावर सारखाच शोभतो. कृत्रिम चामड्याची गादी घामाने आणि दमटपणाने दोनतीन वर्षांत सोलवटू लागते. म्हणून तिची सुटी जोडी बाजारात मिळते का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. ज्याच्या गाद्या बदलता येत नाहीत तो हेडफोन कितीही सुंदर असला तरी मी सुचवणार नाही.

घडीचा मुद्दा वाटतो तेवढा साधा नाही. वाट्या नुसत्या फिरून सपाट होणे वेगळे आणि पट्टीच्या आत दुमडून मुठीएवढे गाठोडे होणे वेगळे. सोनीच्या डब्ल्यूएच-1000 या प्रसिद्ध मालिकेतला चौथा नमुना दुमडत असे. 2022 मध्ये आलेल्या पाचव्याची रेषा अधिक नितळ झाली, पण त्यासाठी दुमडणे सोडून दिले गेले, आणि 2025 मधल्या सहाव्यात ते परत आणावे लागले. इतक्या मोठ्या कंपनीलाही रूप आणि सोय यांचा मेळ घालणे एका प्रयत्नात साधले नाही, तेव्हा दुकानात तुमची रोजची पर्स, आतल्या डबा-बाटलीसह, सोबत न्यावी आणि हेडफोन तिच्यात घालून पाहावा. बिजागरी धातूची आहे की प्लास्टिकची, हेही उघडझाप करून पाहावे, कारण घडीचा हेडफोन मोडतो तो बहुधा तिथेच.

बॅटरी एका चार्जवर चाळीस-पन्नास तास चालणे आता या प्रकारात नवलाचे राहिलेले नाही, त्यामुळे त्या आकड्यावर फार वेळ घालवू नका. त्यापेक्षा वायर लावण्याची सोय आहे का, हे पाहणे अधिक मोलाचे, कारण काही लोकप्रिय नमुने केवळ ब्लूटूथवर चालतात आणि बॅटरी संपली की मुके होतात. मार्शल या कंपनीच्या मेजर मालिकेसारख्या काही नमुन्यांत सुटी वायर जोडता येते; तुमच्या फोनला गोल छिद्र नसेल तर त्यासाठी छोटा अडॅप्टर लागेल.

तुम्ही जळगावात रोज असताच, तेव्हा गोलाणी मार्केटमध्ये एक संध्याकाळ काढावी. स्वतःच्या फोनवरची, तुम्हाला पाठ असलेली दोनतीन गाणी लावावीत, त्यांत एखादे वाद्यांशिवाय नुसत्या गळ्याचे आणि एखादे ढोलकीचे असावे. शब्द स्पष्ट येतात का आणि ढोलकीची थाप गिजबिजते का, हे त्यावरून लगेच कळते. दुकानातला भडक ठेक्याचा नमुना-तुकडा कोणत्याही हेडफोनवर चांगलाच वाटतो. बिल पक्के घ्यावे, कारण नामवंत कंपन्यांच्या नकला सर्रास विकल्या जातात आणि बिलाशिवाय वॉरंटीचा दावा करणे कठीण होते.

प्रश्न: रावेर तालुक्यात माझी केळीची बाग आहे. सकाळ-संध्याकाळ बागेतून फिरताना बातम्या आणि बाजारभाव ऐकण्यासाठी काय घ्यावे? पाण्याने खराब होऊ नये आणि कुणी हाक मारली तर ऐकू यावी.
— एक वाचक, रावेर

उत्तर: तुम्हाला कान झाकणारे काहीही नको. बागेत ट्रॅक्टर मागे येत असतो, पाचटात सरपटण्याची खसखस होते, मजूर हाक मारतात. हे सगळे ऐकू येणे गाण्याबातम्यांपेक्षा महत्त्वाचे आहे. कानाच्या छिद्राबाहेर राहणारे, उघड्या कानाचे हेडफोन आता मिळतात. त्यांतला एक प्रकार कानासमोरच्या हाडाला सूक्ष्म कंप देऊन आवाज आतल्या कानापर्यंत पोहोचवतो. त्यात ठेक्याचा भारदस्तपणा कमी पडतो, पण बोलणे स्पष्ट ऐकू येते आणि तुमचे काम बोलणे ऐकण्याचेच आहे. मानेमागून जाणारी त्याची पट्टी टोपी किंवा उपरण्याच्या आड येत नाही, आणि दिसायलाही तो सुटसुटीत असतो.

पाण्याविषयी खोक्यावरचे आयपी हे अक्षरांचे चिन्ह वाचावे. त्यापुढचा पहिला अंक धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. पहिल्या अंकाच्या जागी एक्स असेल तर धुळीपासूनच्या संरक्षणाचा दर्जा दिलेला नाही, असे समजावे. दुसरा अंक 4 असला की सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण असते, आणि पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याला व घामाला तेवढे पुरते. तुमच्याकडची धूळ पाहता आयपी 55 किंवा त्याहून वरचा दर्जा मला अधिक योग्य वाटतो. फवारणीच्या दिवशी मात्र तो घरीच ठेवावा, कारण हे अंक साध्या पाण्याच्या चाचणीतून ठरतात, औषधांच्या नव्हे.

प्रश्न: वायरलेस हेडफोन दुपारी बंद गाडीत राहिला तर बिघडतो का? दुचाकीवर तो वापरला तर चालेल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर: बंद गाडीतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच वर जाते आणि लिथियम बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते, म्हणून धुळ्याच्या मे महिन्यात डॅशबोर्डवर तो कधीही ठेवू नये. तापलेला असेल तर सावलीत निवू द्यावा आणि मगच चार्जिंगला लावावा. दुचाकीवर नको. हेल्मेटखाली तो नीट बसत नाही आणि मागून येणाऱ्या वाहनाचा हॉर्न ऐकू येत नाही.